तीन कातड्यांचा रबऱ्या

त्याचं खरं नाव मी लिहीत नाही. तो आता इथं राहत नाही, समुद्राकडं पोरीच्या घरी गेलाय. पण नाव छापून आलं असं कळलं तर तिथून एसटी धरून भांडायला येईल असा माणूस आहे. गाव त्याला रबऱ्या म्हणायचं. तोंडावर म्हणायचं. त्याचा त्याला राग नव्हता. राग यायचा एकाच गोष्टीचा. कुणी विचारलं, "पाण्यात तर उतरायचंय, मग त्याला कपडे कावून लागतात बे?" की याचं डोकं फिरलंच.

धंद्यानं तो पाणबुड्या. आमच्या पालीपासून चौसाळ्यापर्यंत कुणाच्या विहिरीत मोटर पडली, पाइप तुटला, की त्याला फोन जायचा. हंडे काढायचा, मोबाइल काढायचा, एकदा जितं बोकड काढलं. पोलीस पण बोलवायचे. ते काम तो करून यायचा, पण त्याचं बोलायचा नाही आणि त्या दिवशी कुणाच्या घरचा चहा घ्यायचा नाही.

असे पाणबुडे आमच्याकडं पुष्कळ आहेत. चड्डीवर उतरतात, दम धरतात, काम करतात, मोकळे होतात. हा मात्र तरणेपणी समुद्रावर जहाजांची बुडं घासायला होता. तिथून येताना रबराचे तीन सूट घेऊन आला. काळे, अंगाला चिकटून बसणारे. त्या तिघांना त्यानं बैलांना ठेवावीत तशी नावं ठेवली होती. पातळ, अर्ध्या बाह्यांचा तो उन्हाळी. त्याहून जाड ती मधली. आणि सगळ्यात जाड ती घोंगडी. घोंगडी घातली की त्याला मान वळवता यायची नाही. कुणी मागून हाक मारली तर सगळाच्या सगळा वळायचा.

सूट अंगात चढायचा नाही, चढवावा लागायचा. चौसाळ्याच्या एका वाण्याच्या दुकानातून तो शॅम्पूच्या पुड्यांची माळच्या माळ आणायचा. डोक्याला केस नाहीत आणि शॅम्पू एवढा, म्हणून दुकानदार हसायचा. हा त्या पुड्या पाण्यात फेटायचा, ते बुळबुळीत पाणी सुटात ओतायचा आणि मग दोन माणसं दोन बाजूंनी ओढायला उभी करायचा.

"नख लावू नका बे! बोटाच्या पेरानं ओढा. नखानं फाटतंय!"

"अरे, जरा ढिला घ्यायचा होता की," मी एकदा म्हणलं.

"ढिला सूट म्हणजे चाळण," तो म्हणला. "बापू, पाणी ह्यात येतंच. रेनकोट न्हाई हा. थोडं पाणी आत येतंय, अंगाला चिकटून बसतंय, आन आपल्याच गर्मीनं तापतंय. मग तेच पांघरूण. ढिला असला की तापलेलं पाणी निघून जातंय आन नवं गार येतंय. तापवत बसा मग सगळी विहीर!"

मला ते पटलं. पण मी तसं बोलून दाखवलं नाही. त्याला पटलं म्हणलं की तो अजून तासभर सांगायचा.

सूट वाळत घालायची पण त्याची रीत होती. उन्हात नाही, उन्हानं रबर मरतं. तारेवर नाही, तारेनं घडी पडते. लिंबाखाली जाड बांबू आडवा बांधलेला, त्यावर कमरेतून दुमडून टाकायचा. एकदा कपिलधारच्या यात्रेला निघालेल्या बाया पाणी मागायला त्याच्या दारात शिरल्या. बांबूवर दोन काळी माणसं डोकं खाली करून लोंबकळताना बघितली आणि तशाच ओरडत रस्त्याला लागल्या. हा तांब्या घेऊन मागं पळाला. अंगात तिसरा सूट होता. मग तर त्या जास्तच पळाल्या.

माझी म्हातारी, म्हणजे बायको, त्याला वांगं म्हणायची, काळं तुकतुकीत म्हणून.

ती असताना तो आमच्या विहिरीवर एकदाच आलता. चैत्र संपलेला, ऊन असं की दगडाला हात लागत नव्हता. मी म्हणलं, आज तरी उन्हाळी घालशील. त्यानं आधी एक बाटली काढली. तिच्या गळ्यात दगड बांधलेला, तोंडाला बूच, बुचाला वेगळी सुतळी. बाटली तळाला सोडली, सुतळीला हिसका दिला, खाली बूच निघालं, बाटली भरली. वर ओढून ते पाणी त्यानं कोपरावर ओतून बघितलं, जसं बाळंतीण लेकराच्या अंघोळीचं पाणी बघते.

"मधली," तो म्हणला.

"एवढ्या उन्हात?"

"मी काय उन्हात काम करणार हाय का? वरचं पाणी तुमच्यासारखं हाय बापू, गरम. तळाचं येगळं हाय."

मधली चढवेपर्यंत त्याचं भरीत झालं. पायरीवर उभा, तोंड लाल, घाम सुटात साचलेला. ओरडायला लागला, "ओता बे, पाणी ओता कुणीतरी अंगावर!" म्हातारी बादली घेऊन आली. बाहेरून ओतायच्याऐवजी तिनं सरळ त्याच्या गळ्यातून आत ओतली. सूट पोटापाशी फुगला. तो बघतच राहिला. म्हातारी हसली, हसता हसता खाली बसली, पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना. माझ्यासंग एवढी वर्षं राहिली, पण मी तिला एवढं हसवलं नाही.

"वैनी," तो म्हणला, "आता मी असाच घरी जातो, तुमच्या विहिरीचं पाणी घेऊन."

"जा की. आमच्या मोसंबीला राहू द्या तेवढं थोडं," ती म्हणली.

मोसंबी तिची होती. सात-बारा माझ्या नावावर, पण बाग तिची. कलमं तिनं लावली, आळी तिनं केली. थंडीत झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. पानं जरा मलूल झाली की पहिलं पाणी सोडायचं, मग झाड फुलावर येतं. लवकर सोडलं तर फूल येत नाही, उशीर केला तर झाडच जातं. कधी सोडायचं ते ती सांगायची. दुपारी बागेत जाऊन पान दुमडून बघायची.

मग एका आषाढात ती गेली. ताप आला, बीडला नेली, परत आणली ती गाडीत झोपवूनच. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही. लिहून काय होतं.

पोरगा पुण्यात आहे. चांगला आहे, वाईट म्हणायला जागा नाही. रोज फोन करायचा. "आबा, जेवलात का? आबा, एकटं कशाला राहायचं?" मी हूं म्हणायचो. पुढं पुढं हूं पण म्हणायचो नाही. मग त्यानं गिऱ्हाईक बघितलं, बाग आणि विहीर दोन्ही घेणारं. मला म्हणला, "आबा, एवढा बहर निघतो का बघू. तुमच्यानं झालं तर मी सौद्याचं नाव काढणार न्हाई. न्हाई झालं तर माझ्यासंग चला." मी बरं म्हणलं. मला जायचं नव्हतं. पण राहायचं कशासाठी, तेही सांगता येत नव्हतं.

मी ताण दिला. पौषात पानं मलूल झाली. पाणी सोडायला म्हणून मोटरीचं बटन दाबलं आणि विहिरीत धाडकन आवाज झाला. मोटरीचा नायलॉनचा दोर कुजलेला, जोडाशी पाइप निसटला, मोटर तळाला. पाऊस चांगला झालता, विहीर काठोकाठ. पोराला ते कळलं कसं, देव जाणे. म्हणला, "रविवारी येतो. गिऱ्हाईकाला पण आणतो. नुसतं बघू द्या."

मी रबऱ्याला फोन केला. तो पहिला प्रश्न विचारतो तोच विचारला.

"पाणी काय म्हणतंय?"

"पाणी काय म्हणणार? कोमट हाय. सकाळी वाफ निघायलीय."

तो उन्हाळी सूट घेऊन आला. पायरीवर बसला, एक पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात सोडला आणि तंबाखू मळायला लागला. ही पण त्याची रीत. तंबाखूचा बार तोंडात असेपर्यंत पाय पाण्यात. बार थुंकायच्या आधी अंगठा आखडला तर जाड सूट, नाही आखडला तर पातळ. तोपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही. मी काठावर उभा. मागं बाग. पानं सकाळीच दुमडलेली.

त्यानं तंबाखू थुंकली, पाय काढला, अंगठा हलवून बघितला.

"घोंगडी लागतीय. उद्या येतो."

"उद्या? अरे, झाडं चाललीत माझी! उतर की! कोमट तर हाय!"

"तुमच्या हाताला कोमट हाय. बाहेर गारठा हाय म्हणून हाताला तसं वाटतंय. हाताला काय, तो घटकाभर पाण्यात जातोय. मला तळाला गाळात मोटर हुडकायचीय, वर येऊन परत जायचंय, परत यायचंय. बोटं आखडली की गाठ बसत न्हाई. गाठ बसली न्हाई तर मोटर वर येत न्हाई. कधीमधी माणूस पण येत न्हाई."

"चड्डीवर उतरणारे हायत गावात!"

"मग त्यांना बोलवा." त्यानं उन्हाळीची घडी केली आणि स्कूटरला बांधली. "सगळे दुसऱ्या कामाला गेलेत म्हणून तर मला फोन केलाय तुमी."

ते खरं होतं. मी त्याला जाताना दोन शिव्या दिल्या. त्यानं स्कूटरवरूनच एक परत केली.

दुसऱ्या दिवशी घोंगडी आली. संग चेनकप्पीवाला मिस्त्री आला. त्यानं विहिरीवर तीन वाशांचं तिकाटणं उभं केलं. आम्ही दोघांनी रबऱ्याला शॅम्पू लावून घोंगडीत कोंबला. कंबरेच्या दोराचं टोक त्यानं माझ्या हातात दिलं.

"मी कावून? मिस्त्री धरंल की."

"मिस्त्री बोलतो लई. दोराला गप माणूस लागतोय. तुमी सहा म्हैने झाले तोंड उघडलं न्हाई म्हणं, तुमच्यापेक्षा चांगला माणूस मला बीड जिल्ह्यात गावायचा न्हाई." मग नीट सांगितलं, "एक झटका म्हणजे ठीक. झटक्यावर झटका आला तर इचार करत बसायचं न्हाई, ओढायचं."

आणि त्यानं उडी घेतली. आणि तो बुडेचना.

रबर जेवढं जाड तेवढं तरंगतं. समुद्रावर तो कमरेला शिशाचा पट्टा बांधायचा. पट्टा त्याच्याकडं होता, पण त्यातलं निम्मं शिसं त्यानं मधलीच्या हिशेबानं काढून ठेवलं होतं आणि परत घालायचं विसरला होता. आदल्या दिवशी मला एवढं शिकवलं आणि आज हे. तो डोकं खाली करून पाय झाडायचा, खाली जायचा आणि परत बुडबुड करत वर यायचा. मिस्त्री हसून हसून तिकाटण्याला टेकला.

"बापू, ह्याला कापून भरीत करा, मोटरीचं राहू द्या!"

"हसू नको बे! वजन द्या कायतरी!"

मी बांधावरचा दगड उचलला. तो पाण्यातूनच ओरडला, "ते न्हाई! कोरेचा दगड रबर कापतोय. गुळगुळीत पायजे. घरात वरवंटा न्हाई का?"

होता. पाट्यावर आडवा, तिनं ठेवला होता तसाच. ती गेल्यापासून मी चटणी खाल्ली नव्हती, त्याला हात लावला नव्हता. घर झाडणारी बाई त्याच्या भोवतीनं झाडायची. काळा, तिच्या हातानं मध्ये झिजलेला. बाहेर मिस्त्री हसतच होता. मग उचलला. हाताला लई गार लागला.

रबऱ्यानं तो धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि पट्ट्याशेजारी निसरगाठीनं बांधला. छाती भरून घेतली आणि गेला. ह्या वेळी सरळ गेला.

दोर माझ्या हातातून सरकत होता. थांबला. एक झटका. मी मनात बरं म्हणलं. तो वर आला, दम घेतला, "गाळात हाय, तिरकी पडलीय," म्हणला, परत गेला. असं बरेचदा झालं. पाणी गढूळ होत गेलं. मग एकदा गेला आणि लवकर झटका येईना. आला तो झटक्यावर झटका. मी ओढलं. मिस्त्रीनं माझ्या मागून ओढलं. तो बुचासारखा उसळून वर आला, अर्धा पाण्याबाहेर, आणि पायरीला धरून खोकायला लागला.

"केबल," तो म्हणला. "मोटरीची केबल पायात अडकली. लई ओढलं, सुटेना."

"मग?"

"वजन सोडलं. वजन सोडलं की घोंगडी आपणहून वर ओढतीय. तवा पाय सुटला."

मी त्याच्या कमरेकडं बघितलं. पट्टा नव्हता. फडकं नव्हतं.

मी काय बोललो ते मला धड आठवत नाही. मिस्त्री सांगतो की मी वरवंटा, वरवंटा एवढंच ओरडत होतो. सहा महिने गप होतो म्हणत होते, ते त्या दिवशी निघालं. त्याला, त्याच्या घोंगडीला, त्याच्या समुद्राला, सगळ्यांना शिव्या दिल्या. तो पायरीवर बसून ऐकत होता. ओठ निळसर झाले होते. हाताची बोटं उघडून मिटून बघत होता.

मी दमलो तेव्हा तो म्हणला, "बापू, ऐका. मोठा दगड दोराला बांधून खाली सोडायचा आन त्या दोराला धरून हातावर हात टाकत उतरायचं. वजन न्हाई म्हणल्यावर तसंच जावं लागतंय. त्याला जोर लई लागतोय. माझ्या अंगात एवढीच गर्मी राहिलीय की एकदा जाता येईल. घोंगडी असली म्हणून काय, ती माझीच गर्मी धरून ठेवतीय, तिची सोताची न्हाई. खाली गेलो की एक तर मोटरीला चेनीचा आकडा लावतो, न्हाई तर वैनीचा वरवंटा हुडकतो. दोन्ही न्हाई व्हायचं. तुमी सांगा."

मिस्त्री तिकाटण्यापासून सरळ झाला. चेनकप्पी हलत होती तेवढीच.

तो म्हणला, "वरवंटा म्हणलात तर वरवंटा आणतो. मला काय हरकत न्हाई. चूक माझी हाय, शिसं मी इसरलो."

मी मागं बघितलं. बागेत ऊन आलं होतं. पुढच्या ओळीतल्या झाडांची पानं नळीसारखी झाली होती. तिनं बघितली असती तर मला हाणलं असतं.

"मोटर," मी म्हणलं.

"नक्की?"

"मोटर म्हणलं ना बे! जा!"

तो गेला. मिस्त्रीनं दगड बांधून सोडलेल्या दोरावर हातावर हात टाकत गेला, दिसायचा बंद झाला. मी त्याच्या कंबरेचा दोर धरून बसलो. त्या वेळी मला म्हातारीची नाही, त्याचीच फिकीर होती, हे सांगून टाकतो. लई दिवसांनी जितं कुणीतरी माझ्या हातात होतं.

एक झटका आला.

मिस्त्रीनं चेन ओढायला सुरुवात केली. आधी चेन ताठ झाली, मग करकरली, मग गाळाचा मोठा बुडबुडा वर आला. रबऱ्या आधी आला आणि त्याच्यामागं चिखलानं माखलेली मोटर. त्याला वर घेतलं, वारा लागू नये म्हणून गोठ्याच्या आडोशाला नेलं, घोंगडी सोलून काढली, वाकळेत गुंडाळला. दात वाजत होते तरी बोलत होता.

"भूक लागलीय. चटणी करा कायतरी. तिखट, तेल घालून. भाकरी आन तेल हा आतला सूट हाय."

"कशानं करू? वरवंटा तर बुडवलास."

"तांब्यानं कुटा की!"

मी तांब्याच्या बुडानं लसूण, शेंगदाणे, तिखट कुटलं. धड बारीक झालं नाही. तिघांनी भाकरीवर घेऊन खाल्लं. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. दोघांनी खाली बघून खाल्लं.

"वैनीची सर न्हाई," रबऱ्या म्हणला. "मीठ पण कमी हाय. पण गरमी आली." मग वाकळेतूनच, "चैत्रात पाणी उतरलं की येतो. उन्हाळीवर काढून देतो वरवंटा, फुकट."

"ये. पण त्याच्यासाठी म्हणून येऊ नको. तिचीच विहीर हाय, पडू दे तिथं."

मिस्त्रीनं मोटर सुकवली, नवा दोर, नवा जोड. शनिवारी पाणी निघालं. मी दिवसभर पाण्याचे दांड वळवत होतो. रविवारी सकाळी वीज आली तशी परत सुरू केली. रबऱ्या आलाच होता. काम काही नव्हतं, शेंगा खात बांधावर बसला होता.

पोरगा आला, संग गिऱ्हाईक. दोघांच्या कडक इस्त्रीच्या पँटी, पायात बूट. बांधावर आले आणि थांबले. पुढं सगळी आळी भरलेली, पाणी झाडाखाली चमकत होतं. मी त्यात पोटरीपर्यंत, हातात फावडं.

"जरा झाडं जवळून बघायची होती," गिऱ्हाईक म्हणलं.

"बघा की," मी म्हणलं आणि काम सोडलं नाही.

ते बुटाकडं बघायचं, पाण्याकडं बघायचं. रबऱ्या शेंगेचं टरफल थुंकून म्हणला, "शेठ, बुटानं जमायचं न्हाई. उतरायचं तर नीट उतरा, न्हाईतर इथं माझ्यासंग बसा. शेंगा हायत."

गिऱ्हाईक बसलं नाही, उतरलंही नाही. पोराला म्हणलं, "मी गाडीत थांबतो, तुमचं बोलून घ्या," आणि गेलं.

पोरगा उभा राहिला. माझ्याकडं बघत होता. एक आळं भरलं, ते बांधून मी पुढचं फोडायला वाकलो. कंबरेत उसण भरली, ती तशीच धरून उभा राहिलो.

मागं बुटांचा आवाज आला, बांधावर टाकल्याचा. मग पाण्यात पाय पडल्याचा.

"आबा, द्या इकडं फावडं," पोरगा म्हणला. "तुमी पाणी कुठं न्यायचं ते नुसतं सांगा."

मी सांगत गेलो. दुपारपर्यंत त्यानं निम्मी बाग भिजवली, पँटीसकट. गाडी कधी निघून गेली ते आम्ही बघितलं नाही.